टीबीएमवरचा ‘अवघड जमीन’ संच: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या पाणी-बोगद्यासाठी टीबीएम, म्हणजे बोगदा खोदणारे यंत्र, मागवले तेव्हा दरपत्रकाच्या शेवटच्या पानावर ‘अवघड जमिनीसाठीची जादा साधने’ अशी एक वेगळी ओळ होती आणि तिच्यापुढचा आकडा पाहून खरेदी समितीतल्या दोघांनी ती ओळच गाळून टाकावी असे सुचवले होते. रायगड जिल्ह्यात सगळा काळा कातळ, तिथे या जादा साधनांचे काय काम, असा त्यांचा मुद्दा होता. मी या कामावर भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून होते आणि ती ओळ राहावी म्हणून जे तीन-चार जण भांडले त्यांपैकी एक होते. आता बोगदा आरपार झाला आहे, यंत्र सुटे करून यार्डात मांडून ठेवले आहे, आणि त्या ओळीतल्या कोणत्या वस्तूने पैसे वसूल करून दिले, कोणती नुसती गंजत राहिली आणि कोणती पुरवठादाराने अधिक विचार करून बनवायला हवी होती, हे लिहायला थोडी सवड मिळाली आहे. कामाचे आणि पुरवठादाराचे नाव, तसेच किमतीचा आकडा, कराराने बांधलेला असल्यामुळे देता येत नाही.

यंत्र दुहेरी शील्डचे (भोवती दोन भागांचे पोलादी कवच), खोदाईचा व्यास ४ मीटरहून थोडा कमी, कटरहेडवर, म्हणजे पुढच्या फिरत्या तोंडावर, १७ इंची डिस्क कटर आणि मागे काँक्रीट सेगमेंटची रिंग बसवणारा इरेक्टर, असे नेहमीच्या घाटाचे होते. डिस्क कटर कातळावर दाबून लोळवला जातो आणि शेजारच्या दोन चाकोऱ्यांमधला दगड ढलपीसारखा सुटून येतो. १७ इंची एका डिस्कवर सुमारे २५ टनांपर्यंत दाब देता येतो, त्यामुळे सलग, घट्ट बेसाल्टमध्ये हे यंत्र भराभर पुढे सरकते. पण समोर पोलादी कटरहेड, भोवती शील्ड आणि मागे लगेच काँक्रीट अशी रचना असल्याने पुढचा दगड बिघडला आहे की नाही हे आत बसलेल्याला कळत नाही. सुरुंगाच्या बोगद्यात दर फेरीनंतर माणूस फेससमोर, म्हणजे खोदाईच्या पुढच्या उघड्या कातळासमोर, उभा राहतो, हातोडीने ठोकून आवाज ऐकतो, भेगेत बोट घालून पाहतो. मला मात्र कटरहेडच्या झरोक्यातून टॉर्चच्या उजेडात जेवढे दिसेल तेवढ्यावरच नोंद करावी लागत असे. हा संच मुळात या आंधळेपणावरचा आणि आंधळेपणाने झालेल्या चुकीनंतर सावरण्याचा इलाज आहे.

संचात होते ते असे: यंत्राच्या पुढची जमीन आधीच तपासणारे प्रोब ड्रिल आणि त्यासाठी शील्डमध्ये ठेवलेली तिरपी भोके, त्याच भोकांतून ग्राउट (भेगा बुजवणारे मिश्रण) दाबण्याची व्यवस्था, पाणी आले तर मकचा, म्हणजे खोदून निघालेल्या दगडमातीचा, मार्ग बंद करणारी सरकती झडप, कमी वेगात जास्त पीळ देणारा गिअर, पुढून मागे थोडे थोडे निमुळते होत जाणारे शील्ड आणि त्याच्या कडेने बेंटोनाइट (बुळबुळीत चिकण माती) सोडण्याच्या नळ्या, छताच्या वर पुढे सळया ठोकून आधार देण्याची सोय, आणि काही डिस्क कटरवर ते फिरत आहेत की नाही हे सांगणारे सेन्सर.

कोकणात हे सगळे कशाला, या प्रश्नाचे उत्तर खडकातच आहे. दख्खनचा बेसाल्ट वरून एकजिनसी दिसला तरी तो लाव्हाच्या एकावर एक पसरलेल्या थरांचा बनलेला आहे, आणि दोन थरांच्या मध्ये अनेक ठिकाणी तांबडा बोल असतो, म्हणजे भाजल्यासारखी दिसणारी, गेरूच्या रंगाची माती. ती कोरडी असताना टणक वाटते आणि पाणी लागले की हातात विरघळते. कुठे थराच्या माथ्यावर जुन्या लाव्हाचे तुकडे चिकटून झालेला ब्रेसिया असतो, कुठे या सगळ्याला उभे छेदून गेलेले डाइक, म्हणजे खडकाच्या भिंती, असतात आणि त्यांच्या कडेच्या भेगांतून पाणी वाहते. पनवेलच्या परिसरात तर हे थर आडवे न राहता पश्चिमेकडे, समुद्राच्या बाजूला, कलतात. भूगर्भशास्त्रात याला पनवेल फ्लेक्शर असेच म्हणतात. वज्रेश्वरीपासून सव, उन्हवरे, तुरळ आणि राजापूरपर्यंत जी गरम पाण्याची कुंडे जवळजवळ एका ओळीत आहेत ती पाहिली, तरी या किनारपट्टीखाली पाण्याला किती खोलवर वाटा आहेत याचा अंदाज येतो. त्यावर वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आणखी दक्षिणेला गेले की जांभा आणि त्याच्याखालची मऊ, पांढुरकी-पिवळी चिकण माती लागते; कर्नाटकाच्या किनाऱ्यावर तिला शेडी म्हणतात.

या मातीची ओळख आमच्या घरात आधीपासून आहे. माझे मामा कोकण रेल्वेच्या कामावर होते, त्यातले काही महिने पेडण्याच्या बोगद्यावर. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा कातळातून सुरुंग लावून झाला, आणि पेडण्याच्या जेमतेम दीड किलोमीटरच्या मऊ मातीतल्या बोगद्याने मात्र वर्षानुवर्षे घेतली. २६ जानेवारी १९९८ला पूर्ण मार्ग सुरू झाला त्यानंतरही त्या बोगद्याने त्रास द्यायचे सोडले नाही: ऑगस्ट २०२०मध्ये त्याच्या भिंतीचा भाग कोसळला आणि जुलै २०२४मध्ये आत पाणी शिरून गाड्या थांबल्या. आमचे यंत्र पाहायला मामा एकदा साइटवर आले होते. कंट्रोल केबिनमधले पडदे, आकडे, दिवे सगळे शांतपणे पाहून झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला. “अगं, हे सगळं मागचं सांगतंय. पुढे काय आहे ते तुला कुठे दिसतं?” मी त्यांना प्रोब ड्रिल दाखवले. ते तेव्हा मागच्या गॅन्ट्रीवर, म्हणजे यंत्रामागे ओढल्या जाणाऱ्या सांगाड्यावर, ताडपत्रीखाली होते. “मग ते झाकून का ठेवलंय?” असे त्यांनी विचारले आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.

खरे उत्तर असे होते की ते बाहेर काढायला वेळ फार लागत होता. पहिल्या वेळी, काम थांबवल्यापासून पहिले छिद्र सुरू होईपर्यंत आम्हाला ५ तास २० मिनिटे लागली. ड्रिल गॅन्ट्रीवरून पुढे आणायचे, त्यासाठी इरेक्टर एका बाजूला फिरवून धरायचा, मग ड्रिल त्याच्या कड्यावर चढवायचे, सहा हायड्रॉलिक होस एकेक करून जोडायचे, आणि हे सगळे ४ मीटरच्या आतल्या नळकांड्यात, जिथे दोन माणसे एकमेकांना ओलांडून जाऊ शकत नाहीत. पुरवठादाराच्या माहितीपत्रकात या ड्रिलची ताकद, मिनिटाला ठोके, छिद्राची लांबी असे सर्व काही होते. तयारीला किती वेळ लागतो ते मात्र नव्हते आणि आम्हीही मागवताना विचारले नव्हते. परिणाम ठरलेला: दिवसाला ११-१२ मीटर पुढे जाण्याचे उद्दिष्ट डोक्यावर असलेला शिफ्ट इन्चार्ज अर्धा दिवस ड्रिलच्या जोडाजोडीत घालवायला तयार होत नाही, “आजचा दिवस जाऊ द्या, उद्या बघू” असे म्हणतो, आणि संचातली सर्वांत मोलाची वस्तू ताडपत्रीखाली राहते. मामांच्या त्या भेटीनंतर आमच्या मेकॅनिकल विभागाने ड्रिलसाठी शील्डच्या आत कायमची रेल वेल्डिंग करून बसवली, होस कायमचे जोडून भिंतीला बांधून टाकले आणि त्यासाठी लागणारे काही जोड पेणच्या एका लेथवर करून घेतले. त्यानंतर तोच वेळ १ तास ४० मिनिटांवर आला. तिथून पुढे प्रोब न घेता यंत्र हलले असे एकदाही झाले नाही, कारण आता कोणाला भांडावे लागत नव्हते.

छिद्रांच्या दिशेबद्दल मात्र मी पुरवठादाराला आधी दिलेला दोष परत घेते. ड्रिल शील्डच्या आत बसते, त्यामुळे छिद्र सरळ पुढे न जाता सुमारे ७ अंशांनी बाहेरच्या बाजूला फाकते. ४० मीटरचे छिद्र मारले तर त्यातले पहिले दहा-बारा मीटर यंत्राच्या अंगाशेजारूनच जातात आणि टोक बोगद्याच्या कडेपासून जवळपास ५ मीटर बाहेर पोहोचते. ज्या खडकातून आपल्याला जायचेच नाही त्याची बातमी घेऊन काय करायचे, असे मी दोन महिने चिडून म्हणत होते. मग वहीत थरांचा उतार मांडला तेव्हा लक्षात आले की आम्ही पश्चिमेकडे जात होतो आणि थरही आमच्या भागात ५ अंशांच्या आसपास पश्चिमेलाच कलत होते. म्हणजे आज जो थर छतापासून ५ मीटर वर आहे, तो आणखी ५५-६० मीटर पुढे गेल्यावर खाली उतरून बोगद्याच्या माथ्यावर येणार. वरच्या छिद्राचे टोक फेसच्या पुढे २८ मीटरवर, म्हणून त्याने सांगितलेली बातमी प्रत्यक्षात ८५ मीटर पुढची, आमच्या वेगाने जवळजवळ आठवडाभर आधीची. खालच्या बाजूचे छिद्र मात्र आम्ही ओलांडून आलेलेच थर पुन्हा दाखवत होते, म्हणून ते मारणे आम्ही बंद केले आणि तो वेळ वरच्या दोन छिद्रांना दिला. अशी मांडणी प्रत्येक ठिकाणी वेगळी निघेल. पुरवठादाराच्या प्रशिक्षणात ‘वर, खाली, डावे, उजवे’ अशी चार छिद्रे ठरवून दिली होती. थरांचा कल विचारात घ्या असे त्यात कुठेही नव्हते.

ड्रिलसोबत दाब, वेग, पीळ नोंदवणारा संगणक येतो आणि तो चांगला चालला. तरीही आम्हाला बोलची पहिली सूचना दर वेळी संगणकाच्या आधी आमच्या ड्रिलच्या फोरमनकडून मिळाली. चिपळूणकडचे, पन्नाशीचे गृहस्थ. छिद्रातून परत येणारे पाणी पत्र्याच्या एका पन्हळीतून बादलीत पडत असे आणि ते डाव्या हाताचा तळवा त्या धारेखाली धरून उभे राहत. पाणी राखाडी असेपर्यंत ते काही बोलत नसत. मग धार आधी चहासारखी, नंतर विटेसारखी व्हायची, ते बोटांवर बोटे चोळून पाहायचे आणि ड्रिल चालवणाऱ्याला हाताने हळू करायची खूण करायचे. “मॅडम, मऊ लागतंय, खर नाही. बोल आहे.” खरखरीत लागले तर ब्रेसिया. संगणकाच्या आलेखात ब्रेसिया आणि बोल दोन्ही ठिकाणी ड्रिल भराभर पुढे जाताना दिसते, त्यामुळे नुसत्या आलेखावरून फरक करणे अवघड. पन्हळ आणि बादली संचात नव्हत्या. त्या आम्ही केल्या.

संचाची खरी परीक्षा भाद्रपदात झाली. कोकणातल्या कोणत्याही कामावर गणपतीच्या आठवड्यात अर्धी शिफ्ट गावी असते, आणि त्या वर्षी ड्रिल सराईतपणे हाताळणारे दोघेही गावी गेले होते, त्यामुळे तयारीला पुन्हा तीन तास लागू लागले होते. त्याच आठवड्यात वरच्या डाव्या छिद्रात ३१ मीटरवर डाइकची कड लागली आणि सळईच्या भोवतून पाणी फवाऱ्यासारखे उडाले. छिद्राच्या तोंडाशी आधीच सिमेंटने पक्का बसवलेला पाइप आणि त्यावर व्हॉल्व्ह होता म्हणून सळई ओढून व्हॉल्व्ह बंद करता आला. गेजवर साडेतीन बार दाब दिसला, म्हणजे डोक्यावर ३५ मीटर पाण्याचा स्तंभ. तो पाइप ही संचातली सर्वांत स्वस्त वस्तू असावी आणि घाईत वगळली जाते ती नेमकी हीच. पुढचे नऊ दिवस आम्ही जागेवरून ग्राउट दाबत राहिलो. आधी बारीक दळलेले सिमेंट, जे वाहत्या पाण्याबरोबर निघून गेले. मग पाण्याशी गाठ पडताच फुगून घट्ट होणारे पॉलियुरेथेन, ज्याने वाट अडवली. आणि पाणी थांबल्यावर पुन्हा सिमेंट, ते या वेळी भेगेत टिकले. नऊ दिवस थांबणे वरच्या ऑफिसला आवडले नाही, पण बोगदा खाडीच्या दिशेने उतरता असल्याने ते पाणी फेसवर फुटले असते तर ते मागे वाहून न जाता यंत्रातच साठले असते.

त्या ग्राउटचा दुसरा परिणाम मला अधिक महत्त्वाचा वाटतो. बोगद्याच्या रेषेवर डोंगराच्या उतारावर एक वाडी आहे आणि तिथल्या चार विहिरींची पातळी मी दर सोमवारी टेपने मोजत असे. डाइक लागल्यानंतरच्या सोमवारी सर्वांत वरच्या विहिरीवर पाणी भरणाऱ्या आजींनी मला टेप सोडूच दिली नाही. “पोरी, ती पट्टी ठेव. पोहरा दोन हात जास्त सोडावा लागतोय, एवढं लिही.” टेपनेही जवळपास तेवढेच दाखवले. भर पावसाळ्यात विहीर उतरणे याचा अर्थ एकच होता. ग्राउट धरल्यावर पाणी बरेचसे परत चढले, पूर्वीइतके मात्र नाही. पुढच्या उन्हाळ्यात ती विहीर आधीच्या वर्षापेक्षा लवकर आटली आणि कंत्राटातल्या तरतुदीतून वाडीला टँकर द्यावा लागला. ग्राउटचे रसायन निवडताना मी पुरवठादाराने सुचवलेले पहिले उत्पादन नाकारले होते, कारण त्याच्या माहितीपत्रात पाण्यात काय उतरते याचा उल्लेखच नव्हता. स्वीडनमधल्या हॅलंडसोस बोगद्यात १९९७ साली गळती थांबवायला वापरलेल्या ग्राउटमधले अॅक्रिलामाइड ओढ्यांत उतरले, मासे मेले, गायींना लकवा झाला आणि काम बंद पडले. १९९२ला सुरू झालेला तो बोगदा वाहतुकीला खुला व्हायला २०१५ उजाडले. ज्या डोंगरातले पाणी लोक गाळून थेट पितात त्या डोंगरात काय टोचायचे, हा प्रश्न खरेदीच्या यादीत पहिल्या पानावर असायला हवा.

आता झडपेबद्दल, आणि इथे माझी तक्रार आहे. कटरहेडमधून मक ज्या वाटेने पट्ट्यावर पडतो ती वाट बंद करणारी ही पोलादी झडप म्हणजे शेवटचा दरवाजा आहे. पाणी आणि गाळ एकदम आत आले की पट्टा मागे ओढायचा आणि झडप पाडायची, मग यंत्र बंदिस्त होते. चाचणीत ती एका मिनिटाच्या आत बंद झाली होती. दोन छिद्रांच्या मधून निसटलेल्या एका भेगेने कार्तिकात आम्हाला गाठले तेव्हा पाण्याबरोबर फुटका ब्रेसिया आला, झडप पाडली, आणि नारळाएवढा एक दगड तिच्या खालच्या कडेत अडकून चार बोटे फट राहिली. त्या फटीतून पाणी आणि खडी येत राहिली. आमच्या लोकांनी गोणपाट आणि लाकडी पाचरी ठोकून ती बुजवली तोपर्यंत खालच्या भागात गुडघ्याएवढे पाणी झाले होते. कोणाला इजा झाली नाही, पंप चालू राहिले, जनरेटरने दगा दिला नाही. पुरवठादाराचे उत्तर आले की झडप पाडण्याआधी मकची वाट मोकळी करावी असे पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले आहे. ते खरोखर लिहिलेले आहे, पृष्ठ क्रमांकासह त्यांनी कळवले. ज्या प्रसंगासाठी ही झडप बसवली आहे त्या प्रसंगात वाट मोकळी करायला कोण थांबणार, याचे उत्तर पुस्तिकेत सापडले नाही. नंतर आम्ही झडपेची खालची कड तिरपी घासून घेतली आणि बैठकीत जोरदार पाण्याचा मारा करणारे दोन नोझल बसवले. पुढे दोन वेळा सराव घेतला तेव्हा ती नीट बसली. प्रत्यक्ष वेळ पुन्हा आली नाही.

या गोष्टीकडे इतके बारकाईने पाहण्याचे कारण वाचकांना माहीत असेलच. उत्तराखंडात तपोवन-विष्णुगडच्या बोगद्यात डिसेंबर २००९मध्ये टीबीएम भ्रंशात, म्हणजे खडकाच्या तुटलेल्या पट्ट्यात, अडकले आणि पाण्याचा प्रचंड लोंढा आला. तेलंगणात श्रीशैलम डाव्या काठाच्या कालव्याच्या बोगद्यात २२ फेब्रुवारी २०२५ला छत कोसळून चिखल आणि पाणी यंत्रावर आले आणि ८ जण आत अडकले, त्यांना वाचवता आले नाही. त्या संध्याकाळी मामांचा फोन आला होता. मी कुठे आहे एवढेच त्यांनी विचारले.

उरलेल्या वस्तूंवर फार लिहिण्यासारखे नाही. निमुळते शील्ड आणि बेंटोनाइटच्या नळ्या यांची आम्हाला गरज पडली नाही. दाबून धरणारी जमीन हिमालयात किंवा खोल भ्रंशांत भेटते, आमच्या डोक्यावर एवढा डोंगर नव्हता आणि बेसाल्ट शील्ड आवळत नाही. कोकणात सह्याद्रीच्या खालून आरपार जायचे नसेल तर हे पैसे वाचवावेत. जास्त पिळाच्या गिअरबद्दल मात्र मी उलट सांगेन. ब्रेसियातले ढेकळे कटरहेडवर कोसळून ते फिरेनासे झाले असे दोनदा घडले आणि दोन्ही वेळा कमी वेगाच्या गिअरमध्ये टाकून ते सोडवता आले, ट्रक चढावर पहिल्या गिअरमध्ये घ्यावा तसे. तुर्कस्तानातल्या कारगीच्या जलविद्युत बोगद्यात सुमारे १० मीटर व्यासाचे यंत्र पुन्हा पुन्हा अडकले, त्याला सोडवायला बाजूने छोटे बोगदे खणावे लागले, आणि असा गिअर तिथे नंतर, यंत्र जमिनीखाली असतानाच, बसवावा लागला. कारखान्यात दोन दिवसांत होणारे काम बोगद्यात किती पट पडते हे ज्याने आत वेल्डिंग केले आहे त्याला सांगायला नको.

छतावर सळया ठोकण्याची सोय आम्ही एकदा वापरली, आणि या व्यासाच्या यंत्रात ती जवळपास निरुपयोगी आहे असे माझे मत झाले. लांब सळई उभी करायला जागा नसल्याने तुकडे जोडत जावे लागते, आणि अकरा सळयांना दोन शिफ्ट गेल्या. मोठ्या व्यासात चित्र वेगळे असेल.

डिस्कवरच्या सेन्सरबद्दल मत बनवणे कठीण जाते. बोलमध्ये डिस्कच्या बेअरिंगभोवती माती भरते, डिस्क फिरायचे थांबते आणि कातळावर एकाच बाजूने घासत राहते. काढल्यावर ती भाकरीचा एक घास तोडल्यासारखी दिसते, एका बाजूला सपाट आणि त्या सपाट भागावर निळसर भाजल्याचा रंग. अशी एक डिस्क वेळीच कळली नाही तर शेजारच्या दोघींवर भार येतो आणि तिघी जातात. सेन्सरने पहिल्या चार महिन्यांत अशा पाच डिस्क पकडल्या, म्हणजे ते उपयोगाचे आहेत. पण फक्त आठ डिस्कवर ते होते, आणि पाणी व कंपनाने वर्षाच्या आत त्यांतले सहा मुके झाले. बदली सेन्सर न्हावाशेवा बंदरात कस्टममध्ये अडकून पडले आणि आले तेव्हा बोगद्याचे शेवटचे ३०० मीटर उरले होते. सुट्या भागांच्या बाबतीत पुरवठादाराची सेवा एकूणच संथ होती. प्रोब ड्रिलच्या एका सीलसाठी आम्ही पाच आठवडे थांबलो. त्यांनी पाठवलेला तंत्रज्ञ मात्र उत्तम होता, स्वतः पाण्यात उतरून काम करणारा, आणि त्याच्या सहा आठवड्यांच्या मुक्कामात जे शिकायला मिळाले ते पुस्तिकेच्या कोणत्याही प्रकरणात नव्हते.

एक खुलासा. हा अनुभव उघड्या पद्धतीने, म्हणजे फेसवर दाब न ठेवता चालणाऱ्या, कातळासाठीच्या यंत्राचा आहे. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी वापरलेले १२.१९ मीटर व्यासाचे ‘मावळा’ किंवा बीकेसी ते शिळफाटा या २१ किलोमीटरच्या बुलेट ट्रेनच्या बोगद्यात, ठाणे खाडीखालच्या ७ किलोमीटरसाठी लागणारी यंत्रे यांची जात वेगळी. त्यांत फेसवर स्लरीचा (पातळ चिखलाचा) दाब सतत ठेवूनच खोदाई होते, तेव्हा तशा यंत्राच्या खरेदीसाठी या अभिप्रायातले फारसे काही लागू पडणार नाही. प्रोबचा भाग तेवढा लागू पडेल.

आमचे यंत्र आता पुढच्या कामाला जाणार आहे, तेही कोकणातच पण आणखी दक्षिणेला, जिथे सुरुवातीचे काही शे मीटर जांभ्याखालच्या मातीतून आहेत. नव्या मागणीपत्रात निमुळत्या शील्डची ओळ कायम ठेवायची की काढायची यावर अजून चर्चा चालू आहे. मातीचे ते काही शे मीटर पाहता मी या वेळी ती ठेवावी म्हणते आहे. सळयांची सोय काढली आहे. सेन्सर सर्व डिस्कवर आणि दुप्पट सुट्या भागांसह मागितले आहेत. प्रोब ड्रिलसमोर क्षमतेच्या रकान्याशेजारी मी एक नवा रकाना घातला आहे, ‘काम थांबल्यापासून पहिले छिद्र सुरू होईपर्यंतचा वेळ, दोन माणसांनी, प्रत्यक्ष करून दाखवावा’, आणि आम्ही वेल्डिंग केलेली रेल कापून काढू नये अशी चिठ्ठी यार्डातल्या शील्डवर ऑइल पेंटने लिहून ठेवली आहे.